तिसरी तार

"हे रबर कुणाचं?"

संगीतशाळेतल्या पियानोच्या पोटातला हात बाहेर न काढताच त्यांनी विचारलं. अगदी वरच्या सप्तकात, दोन तारांच्या मधे लाल रबराची पाचर अडकून राहिली होती.

"तुमचंच असेल, बाबा. विसरला असाल मागच्या वेळी," मुलगी म्हणाली. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून अवजारांची पिशवी तीच आणायची.

"मी रबराला हात लावत नाही."

पियानो सुरात लावताना चाळीस वर्षं ते करड्या लोकरीच्या पट्ट्या वापरत आले होते, बायकोच्या जुन्या कोटातून कापलेल्या. एका सुराला तीन तारा. दोन तारांना पट्टीने गप्प बसवायचं, एक लावायची. मग दुसरी तिच्याशी जुळवायची, मग तिसरी. जरा फरक राहिला की आवाज हेलकावे खातो. फरक मिटत जातो तसे हेलकावे लांबत जातात आणि नाहीसे होतात. वरच्या सप्तकात गेली दोन वर्षं त्यांना हेलकावे ऐकूच आले नव्हते. हात बसला आपला, असं ते समजत होते.

ते थोडा वेळ पाचरीकडे बघत राहिले. मग तारा ताणायची किल्ली घेऊन मधल्या सप्तकातल्या एका सुराची तिसरी तार त्यांनी मुद्दाम सैल केली. पियानोची पांढरी पट्टी दाबली. सूर चक्क रडला.

"बोलव बाईंना."

संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, मागोमाग दोघी शिक्षिका. तिघींसमोर त्यांनी तीच पांढरी पट्टी पुन्हा दाबली.

"कसा लागलाय?"

तिघींनी आधी मुलीकडे पाहिलं.

"अगदी छान, काका!"

एकीचाही शब्द पुढे नाही की मागे नाही. तीन तारा आपोआप अशा जुळत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कुणीतरी एकेकीपाशी बसून लावून घ्यावं लागतं.

तिघी गेल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली." मुलगी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी एक जण येतो. वरचं तेवढं बघतो. तुम्हाला लागलं असतं, बाबा, म्हणून मीच सगळ्यांना…"

"काम कसं आहे त्याचं?"

"चांगलं आहे."

"वेंधळा आहे."

त्यांनी सैल केलेली तार परत ओढली. हेलकावे लांबले, आणखी लांबले, थांबले. एवढं त्यांना अजून ऐकू येत होतं. वरच्या सप्तकाला त्यांनी हात लावला नाही. लाल पाचर जिथे होती तिथेच राहू दिली.

"उद्या शोधेल बिचारा," म्हणाले आणि झाकण लावलं. करड्या पट्ट्यांच्या घड्या करून पिशवीत ठेवल्या.

"द्या, मी घेते. गुडघे तुमचे…"

"कानांबद्दल गप्प बसलीस ना दोन वर्षं? मग गुडघ्यांबद्दलही बस."

पिशवी खांद्याला लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ते जिना उतरू लागले.