कट म्हणेपर्यंत

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी खाट आहे. दवाखाना मात्र मी अजून पाहिलेला नाही. माझं सगळं आयुष्य सिनेमाच्या स्टुडिओत गेलं.

मला घडवताना वेल्डरने विचारलं होतं, "पेशंट केवढा आहे?"

"पेशंट नाहीच," सेटवाला म्हणाला.

"मग खाट कशाला?"

"मरायला."

वेल्डरने जोडकाम उरकलं. रंगही कॅमेऱ्याच्या बाजूलाच दिला.

माझ्यावर फार गंभीर विषय झाले. विषारी धुराने खोकणारे कामगार, दारूपायी लिव्हर गेलेले बाप, मुलांनी टाकलेल्या आया. सगळे माझ्यावर मेले आणि उठून चहा प्यायले. एक बाप तर दुपारपर्यंत मरतच होता, कारण मेल्यावर त्याचं पोट हलायचं. लोक थिएटरात रडले. समीक्षकांनी 'वास्तवाचं भेदक दर्शन' असं लिहिलं. त्या वास्तवाला पाठीवर घेऊन उभं कोण राहिलं, ते कुणी लिहिलं नाही. मी थकले, मित्रांनो.

मरणाऱ्या आया बहुधा आमच्या जुन्या नटी आक्काच करायच्या. त्यांचा मेकअप त्यांची मुलगी करायची. आक्का आडव्या झाल्या की कुरकुरायच्या, "उशी बदल गं. हिच्यावर मागच्या महिन्यात व्हिलन मेलाय."

मग विसरण्याच्या आजारावरचा सिनेमा आला. त्या सकाळी आक्का मुलीला पुन्हापुन्हा विचारत होत्या, "आज कुठला सिनेमा गं?"

"आक्का भूमिकेत शिरल्यात!" सगळे कौतुकाने म्हणाले. मुलगीही हसली.

स्टुडिओत एक नियम असतो. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. छत कोसळलं तरी त्याने आधी परवानगी घ्यावी. शॉट सुरू झाला. सिनेमातला मुलगा जवळ आला. आक्कांनी 'आलास का रे?' म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "बाळा, हे दिवे कुणाचे?"

हिरो गडबडला. "आई, मी आहे."

"ते ठीक आहे. पण आपण इथे कशाला आलोय?"

दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. "थांबू नकोस," तो कॅमेरामनला कुजबुजला. "काय काम करतायत!"

तेवढ्यात आक्कांच्या हाताने माझा कठडा घट्ट पकडला. तोही रंग नसलेल्या बाजूने. तिथे कॅमेरा पोहोचत नाही, म्हणून तिथे कुणी अभिनय करत नाही. मी ओरडले असते, पण मला कुणी संवाद दिलेले नव्हते.

त्या बाजूला पावडरचा डबा घेऊन मुलगी उभी होती. तिने तो हात पाहिला आणि ती सरळ चालत आली.

"अहो, फ्रेममध्ये आलात तुम्ही!" दिग्दर्शक ओरडला. मग जरा विचार करून म्हणाला, "आलाच आहात तर थोडं उजवीकडे सरका. उजेड छान आहे."

"कट," मुलगी म्हणाली.

हा शब्द तिथे दिग्दर्शकाशिवाय दुसरं कुणी उच्चारत नाही. कॅमेरामनने मुकाट्याने कॅमेरा बंद केला. मुलीने आक्कांचा हात माझ्या कठड्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. "आई, चल, घरी जाऊ."

खऱ्या डॉक्टरांनी त्या सिनेमातल्याच आजाराचं नाव सांगितलं. लवकर आणलंत, बरं केलंत, असंही म्हणाले.

मी आता गोदामात आहे, अंगावर राजाचं सिंहासन पालथं. मित्रांनो, सिनेमा पाहून खुशाल रडा. पण घरातलं कुणी तीच गोष्ट पुन्हापुन्हा विचारू लागलं, तर 'नाटकं पुरे' म्हणू नका. जवळ बसा, हात धरू द्या. तिथे कट म्हणायला दुसरं कुणी येत नाही.