वाचनालयाच्या विटा कुणी पाडल्या?

मित्रांनो, मी विटा पाडायचा एक जुना लाकडी साचा आहे. चार फळ्या आणि मध्ये नुसती पोकळी! तळ नाही, झाकण नाही. हसा खुशाल. पण तुमच्या वाचनालयाची पश्चिमेकडची अख्खी भिंत या पोकळीतून बाहेर पडली आहे, आणि ते सिद्ध व्हायला पंचाहत्तर वर्षे लागली.

माझा जन्मच चुकीतून झाला. वीट एक वीत लांब हवी, असे सुताराला सांगितले होते. त्या भल्या माणसाने मला आतून बरोबर एक वीत केले. ओली माती वाळताना, भाजताना आटते, हे त्याच्या गावीही नव्हते. भट्टी उघडली, तर प्रत्येक वीट बोटभर आखूड! गवंड्याने सुताराचा यथेच्छ उद्धार केला आणि शेवटी सांध्यांत जास्त चुना भरून त्या सगळ्या विटा एका भिंतीत बसवल्या. लगेच नवा साचा आला. माझी उमेदीची वर्षे म्हणजे अवघा एक हंगाम.

पण काय हंगाम होता तो! नऊ बायकांची टोळी होती. त्यांच्यातली कारभारीण विटा पाडायची आणि तिची दहा वर्षांची लेक चिखल चिकटू नये म्हणून माझ्या आत राख भुरभुरवायची. काम संपल्यावर कारभारणीने मला घरी नेले. "चुकला म्हणून टाकून द्यायचा होय?" असे म्हणून तिने माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला. पुढे लेकीबरोबर मी तिच्या सासरी गेलो. ती पोर आजी झाली तरी माझ्या डोक्यावरचा माठ काही उतरला नाही.

वाचनालयाच्या पंचाहत्तरीला चिटणिसांनी इतिहासाची पुस्तिका काढली. आजीची नात शाळेत इतिहास शिकवते, म्हणून ते स्वतः पुस्तिका द्यायला घरी आले. नातीने वाचून दाखवले, "इमारतीच्या सुबक विटा जहाजाने परदेशातून आणल्या."

"काहीतरीच! माझ्या आईनं पाडल्यात त्या," आजी म्हणाली.

चिटणीस समजुतीने हसले. "आजीबाई, वयोमानानं असं होतं. ऐकलेलंसुद्धा पाहिल्यासारखं वाटायला लागतं."

माणूस वाईट नव्हता, पण घाव वर्मी बसला.  दोन दिवसांनी आजी हळूच नातीला म्हणाली, "खरंच गं, मी मनानंच रचलं असेल का सगळं?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! माणसाला खोटे ठरवायला पुरावा लागत नाही, चारचौघांचे प्रेमळ हसू पुरते. मग ते माणूस स्वतःच स्वतःला खोटे ठरवत बसते.

नात विचार करून म्हणाली, "आजी, आठवण चुकू शकते. पण कागदही चुकू शकतो. आपण वीट पाडूनच बघू ना."

माठ उतरला! अंगणात चिखल मळला गेला. शाळेची मुले जमली, चिटणीसही आले. आजी माझ्यापुढे बसली. चिखलाचा पहिला गोळा तिने माझ्यात थापकन मारला. शंका डोक्याला होती, हातांना तिचा पत्ताच नव्हता. हात चालू लागले तशा आईच्या हाका तिच्या तोंडून बाहेर पडल्या. "थोरली, पाणी आण! बोलके, तोंड आवर, चिखल दे! ठेंगणे, उचल!" हाकांमागून हाका, अख्खी टोळी! इतकी वर्षे तिला कुणी हे विचारलेच नव्हते. नात डोळे पुसत भराभर लिहून घेत होती.

वीट वाळली, कुंभाराच्या भट्टीत भाजली. तिसऱ्या आठवड्यात ती पश्चिमेच्या भिंतीला लावून पाहिली. सूतभरही फरक नाही! बाकीच्या भिंतींतल्या विटा बोटभर लांब. चिटणिसांनी तीनदा मोजले, चष्मा काढला आणि हात जोडले. "आजीबाई, मी चुकलो. पुस्तिका पुन्हा छापतो. दारावर पाटीही लावतो. या बायकांची खरी नावं सांगा."

"खरी कुठली ठाऊक मला? आई हाक मारायची तीच लिहा. आईलाही सगळ्या कारभारीणच म्हणायच्या."

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कुणीतरी असेल. त्यांना नुसते प्रश्न विचारू नका, त्यांचे जुने काम त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. इतिहास तिथून बोलायला लागतो.

पाटीचे उद्घाटन झाले तेव्हा मी टेबलावर होतो, फुलांच्या हारासकट! नात एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. "थोरली." आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "आली!" "बोलकी." "आली!" कारभारणीपर्यंत नऊ नावे झाली. आजी खाली बसणार, तोच नातीने दहावे नाव वाचले. "राखवाली पोर."

 पंच्याऐंशी वर्षांची ती पोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आले!"