थांब गं जरा

नोएडात हेमलताबाईंकडे यानलिंग आली, तीच मुळी उशिरा. तिला हवे होते विश्वासराव. मुलाखतीच्या इंग्रजीची शिकवणी त्यांची. ते मार्चमध्ये गेले. पण चीनहून आलेली पोर, स्कॉलरशिपची मुलाखत पंधरा दिवसांवर, ती हुकली तर बाडबिस्तरा गुंडाळून परत. बाईंना नाही म्हणवेना. त्यांनी नवऱ्याच्या कॅसेटी दिल्या आणि उजळणी स्वतः घ्यायचं कबूल केलं.

कॅसेटवर विश्वासराव प्रश्न विचारायचे, नमुन्याचं उत्तरही सांगायचे. पोरगी महाचिवट, शब्दन् शब्द पाठ. भूतकाळ तेवढा काही केल्या जमेना. "यस्टर्डे आय गो" म्हणजे गोच!

आठव्या दिवशी बाईंनी विचारलं, "टेल मी अबाउट युअर फॅमिली."

"थांब गं जरा," यानलिंग ठसक्यात म्हणाली, "माय फादर इज अ टेलर."

हा तर विश्वासरावांचाच आवाज! तोच सूर, 'गं'वरचा तोच हेल! झालं होतं काय, तर रेकॉर्डिंग चालू असताना बाईंनीच स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" म्हणून ओरडून विचारलं होतं, आणि विश्वासराव जे म्हणाले ते कॅसेटवर बसलं. पोरीला वाटलं, उत्तराआधी इंग्रजीत असंच म्हणतात.

हसायचंच प्रकरण की हो! पण बाईंना हसू कुठलं? हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी विश्वासराव हेच म्हणाले होते. "आत्ता आले" म्हणून त्या कॅन्टीनमध्ये चहाला गेल्या. परत आल्या तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

चूक सुधारायची म्हणजे तो आवाज दुसऱ्यांदा घालवायचा. बाईंनी ती चूक तशीच राहू दिली. रोज तोच प्रश्न विचारायच्या, ते 'थांब गं' ऐकायच्या, आणि पुन्हा विचारायच्या. मुलाखत उद्यावर आली तेव्हा मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ते इंग्लिश नाही," त्यांनी सांगून टाकलं. "आमची मराठी आहे. म्हणजे 'वेट'. उद्या अजिबात म्हणू नकोस."

यानलिंगने वहीतली ओळ खोडली. मग मान वर करून विचारलं, "सर से टु हूम?"

"मला."

पोरगी मनातल्या मनात शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "डिड यू वेट?"

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिचा भूतकाळ बिनचूक आला होता.

"करेक्ट," हेमलताबाई म्हणाल्या. "बिल्कुल करेक्ट." आणि चहा टाकायला उठल्या.