सुईचा तिसरा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. तळहाताएवढा, गोल, मधोमध भोक पडलेला. जन्माने मी लाउडस्पीकरचा. तो फाटला आणि उल्हासनगरच्या भंगारातून मी वासूशेठच्या शिलाई कारखान्यात आलो. तिथे तान्ह्या बाळांची झबली शिवत. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करणे हे माझे काम. झबल्यांची पितळी टिचबटणे मला दाद देत नसत, पण टाचण्या कशा उड्या मारत येत! मला स्वतःचा फार ताठा होता.

१९८७ सालची दुपार. शिरगावहून कामाला येणाऱ्या चांगुणाबाईंच्या मशीनची सुई तुटली. वरचा तुकडा मशीनमध्येच राहिला, खालचा दिसेना. पुढ्यात सहा डझन झबली आणि दारात टेम्पो. तो तुकडा एखाद्या बाळाच्या अंगात शिरला असता तर?

"पूरा गठ्ठा फेंक दो," शेठ हताश होऊन म्हणाले.

"फेकायचं कशाला? वेचून काढू ना," चांगुणाबाई म्हणाल्या.

"वेचून मतलब?"

"मतलब, नको तेवढंच उचलायचं. बाकीच्याला धक्का नाही लावायचा."

त्यांनी मला एकेका झबल्यावरून फिरवले. चाळिसाव्या झबल्याला टिक् झाले! सगळ्यांनी माझी वाहवा केली. चांगुणाबाईंनी मात्र दोन्ही तुकडे अख्ख्या सुईशेजारी कागदावर मांडले. तांदळाच्या कणीएवढी जागा रिकामी होती.

"मिल गया ना, बाई! अब बांधो."

"शेठ, टोक राहिलंय. टोचतं ते तेच."

टेम्पोवाल्याला बसायला सांगून शेठ स्वतः झबली उलटू लागले. अगदी शेवटून तिसऱ्या झबल्याची गळपट्टी आपोआप वर उठून माझ्याकडे झुकली. टोक शिवणीत रुतले होते. चांगुणाबाईंनी दोनच टाके उसवले. कागदावर सुई पूर्ण झाली आणि मी थक्क झालो. मी तर दिसेल ते लोखंड ओढतो. काय राहिले आहे, हे त्या बाईंना कळले होते.

पुढे कारखाना बंद पडला. शेठनी मला चांगुणाबाईंच्या हाती दिले. मित्रांनो, आम्हा चुंबकांना आपटू नका, तापवू नका. आमची ओढ कमी होते. माझीही झाली आहे. तरी चांगुणाबाई नातवाचे प्रत्येक नवे झबले घालण्याआधी मला त्यावरून फिरवतात. पूर्वी मी टिक् होण्याची वाट बघायचो. आता टिक् झाले नाही, की मला बरे वाटते.