आगाऊ रडलेला शिंपी

शिंप्याचं मन इतकं हळवं, की गिऱ्हाईक नुसतं "खिसा जरा वर झालाय का हो?" म्हणालं, तरी तो गळ्यातल्या टेपसकट दुकानातल्या कपाटात शिरायचा आणि आतून दार ओढून घ्यायचा. मग संध्याकाळपर्यंत कपाटातून नुसते हुंदके. एकदा एका पोराची विजार सैल झाली म्हणून तो असा आत बसला, की बाहेर आला तेव्हा पोरगा त्या विजारीत मावेनासा झाला होता.

शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं. "अहो, गुरुवारी बँडमास्तर कोट घालून बघायला येणार. त्यांचा आवाज म्हणजे तोफ. त्यांच्यासमोर कपाटात शिरलात, तर दुकान माझ्या भावाला देऊन टाकीन. मोबाइलची कव्हरं विकणार म्हणतोय."

"आणि मी?"

"तुम्ही कव्हरं पुसा."

वडिलांच्या हातची मशीन सोडून मेहुण्याच्या हाताखाली! शिंपी कपाटाकडे वळला, तोच बादलीत भिजत पडलेलं कोटाचं कापड दिसलं आणि त्याची ट्यूब पेटली. नवं कापड कुणी तसंच कापत नाही. आधी भिजवायचं, वाळवायचं. आटायचं तेवढं आटलं की मग कात्री लावायची.

"मनही तसंच आटवून घ्यायचं," तो म्हणाला. "पुढचं सगळं रडणं आत्ताच उरकलं, की मग आटायला राहतंय काय?"

आणि लागला की कामाला! कोट घट्ट झाला म्हणून रडला, सैल झाला म्हणून रडला, बटणांसाठी वेगळा रडला. न जळलेलं दुकान जळाल्याचा आक्रोश केला. बायको सोडून गेल्याचं दुःख तिच्याच मांडीवर डोकं ठेवून केलं. ती बिचारी एका हाताने लसूण सोलत होती. आसवांनी दुसरी बादली काठोकाठ भरली. त्यातच त्याने कोटाचं कापड बुडवलं, आणि खोटं कशाला सांगू, खाऱ्या पाण्याने रंग असा पक्का बसला म्हणता!

मग पाळी सासूबाई गेल्याच्या दुःखाची. त्या समोरच जेवायला बसल्या होत्या.

"जावईबापू, मी अजून जेवतेय."

"तुम्ही सावकाश जेवा. माझं चालू दे."

"आणि हे एवढंच? शेजारणीचा पोपट उडाला तेव्हा बरे गळा काढून रडला होतात!"

ते त्याला लागलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून, हात-पाय आपटून मन लावून रडून घेतलं. मग डोळे पुसले. "झालं. सासूबाईंचं संपलं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

गुरुवारी बँडमास्तर आले. कोट अंगावर कसा, तर अंगातूनच उगवल्यासारखा. शिंपी छाती काढून उभा राहिला. आता तोफ काय, तोफखाना येऊ दे. मास्तरांनी सवयीने बँड सुरू करतात तसे दोन्ही हात वर केले. टर्रर्र! दोन्ही बाह्या खांद्यापासून सुटल्या. शिंप्याने मापं मास्तरांचे हात खाली असताना घेतली होती.

मास्तर ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "कोट छान आहे हो. फक्त मला हात वर करावे लागतात."

हळू आवाजावर रडायचंच राहून गेलं होतं! शिंपी कपाटाकडे धावला. दार उघडेना.

"कोण आहे आत?"

"कोण असणार? जिचं रडून संपलंय ती," आतून सासूबाई.

"सासूबाई, बाहेर या! मला आत यायचंय."

"थांबा रांगेत. उद्या मी खरंच गेले, तर माझ्या वाट्याला काय? कोरडे डोळे? होती बादलीभर, तीही परक्याच्या कोटात घातलीत!" आणि त्या हुंदका देऊन रडायला लागल्या.

शिंपी दाराला टेकून खाली बसला. रिकाम्या हातांनी समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून त्याने कोट मागून घेतला. कोटाच्या काखेत शिवणीआड बरंच कापड दुमडून ठेवलेलं होतं, ते उसवता उसवता म्हणाला, "ते काही खरं रडणं नव्हतं हो."

"मग?"

"मी पोपटच आठवत होतो. तुम्हाला आठवून रडूच येईना. तुम्ही समोर दुसऱ्यांदा वाढून घेत होतात."

आत हुंदका थांबला. "म्हणजे माझं सगळं शिल्लक आहे?"

"थेंबसुद्धा खर्चला नाही."

आत नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोवर इकडे बाह्या जोडून झाल्या. मास्तरांनी कोट चढवला, हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. शिवण हूं की चूं करेना.

"उजवी बाही मात्र किंचित लांब वाटतेय," मास्तर म्हणाले.

शिंप्याचा चेहरा उतरला. दारातून बायको बघत होती, फोन हातात. कपाटाचं दार जरासं उघडलं आणि सासूबाई सरकून बसल्या. "या जावईबापू. पण टाचण्या बाहेर काढून ठेवा."

शिंप्याने कपाटाकडे पाहिलं, मग बाहीकडे.

"येतो हो," तो टाचणी दातात धरून म्हणाला, "एवढी बाही झाली की."

बायकोने भावाला फोन लावला आणि कव्हरांना दुसरीकडे जागा बघ म्हणून सांगितलं. कपाट तेवढं हातचं गेलं. सासूबाईंनी आत उशी नेली.