ठकीची अस्सल किटली

सत्तरी उलटली तरी दादा धाकट्या बहिणीला ठकीच म्हणायचा. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याची जीभच हासडली असती. दोघं आता एकाच घरात राहत होती. तो जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवून थकलेला, ती लोकांचे कपडे शिवून. भांडायला घरात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून एकमेकांशीच भांडायची, आणि त्यात दोघांचं बरं चाललं होतं.

सध्याचं भांडण होतं बाहुलीच्या चहाच्या भांड्यांवरून. ठकीचा लहानपणीचा पत्र्याचा संच माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला होता. कपबशांवरच्या निळ्या फुलांचे जागोजागी पोपडे उडालेले, आणि किटली तर गंजून तांबडीलाल.

"आण इकडे," दादा म्हणाला. "घासतो, दोन हात रंग मारतो, वर फुलं काढतो. नवीकोरी करून देतो."

"नवीकोरी नकोय मला. जुनी हवीय."

"अगं, जुनीच आहे की ही! आणखी किती जुनी व्हायची?"

"कारखान्यातून आली तशी हवी, दादा. अस्सल. बाजारात शोधीन मी."

"म्हणजे मी नकली!"

ठकी यावर काही बोलली नाही, आणि तिथंच तिचं चुकलं. दादाचा उजवा हात हल्ली थरथरायचा. शर्टाची बटणं लावताना त्याला वेळ लागला की ती उगाच खिडकीबाहेर बघत बसायची. किटलीच्या वेळी तिच्या मनात त्या हाताचा विचारही नव्हता. पण तिचं गप्प बसणं त्याला हाताबद्दलच वाटलं.

मग ठकीनं जुन्या बाजाराच्या खेपा सुरू केल्या. मोडकी घड्याळं, कान तुटलेले कप, एका पायाचे बूट, सगळं पालथं घातलं. दुकानदार तिला लांबूनच ओळखायला लागले. "आल्या बघा किटलीवाल्या आजी!" आणि एके दिवशी खरोखरच मिळाली. तेवढीच, तशीच, निळी फुलं अगदी टवटवीत.

"ओरिजिनल आहे, आजी," दुकानदार म्हणाला. "आता असं काम कुठं बघायला मिळतंय?"

घरी येऊन तिनं ती टेबलावर ठेवली, पोर वर्गात पहिलं आल्यासारखी. दादानं चष्म्याशिवायच ती लांब धरून पाहिली.

"छान आहे. शेवटी अस्सल ते अस्सल."

बस, एवढंच. टोमणा नाही, टिंगल नाही. एरवी बहिणीला टोमणा मारल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. दुपारी त्यानं कपाटातले कुंचले काढले आणि सुतळीनं त्यांची जुडी बांधली.

"हे काय?"

"शाळेतल्या पोरांना देऊन टाकतो. पडून पडून काय करायचेत?"

काम सुटल्यावरही तो हे कुंचले अधूनमधून काढून धुवायचा, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसे. बोलायला काही सुचेनासं झालं की ठकी भांडी घासायची. तिनं नवी किटली उचलली नि मोरीकडे गेली.

साबणाचा हात फिरवता फिरवता अंगठा फुलावर अडखळला. तिच्या कपांवरची फुलं छापलेली, सपाट. इथं मात्र रंगाला उठाव होता. जन्मभर कापड बोटांनी पारखलेली बाई ती. तिनं किटली पुसली, उजेडात नेली, चष्मा लावला. पानाचं टोक खाली वळून पुन्हा ऐटीत वर उचललेलं, मांजराच्या शेपटीसारखं.

ती शेपटी तिनं ओळखली नसती तर नवलच. गावातल्या केशकर्तनालयापासून चपलांच्या दुकानापर्यंत दादाच्या प्रत्येक पाटीखाली ती असायची. गिऱ्हाईक नको नको म्हणे, तरी हा काढायचाच. पाट्यांच्या आधी, पोरवयात, तो खेळणी दुरुस्त करणाऱ्याकडे कामाला होता. मोटारी, घोडे, किटल्या, सगळं रंगवायचा. निळी नखं घेऊन जेवायला यायचा आणि आईची बोलणी खायचा.

"दादा! आधी चष्मा लाव. आता हे पान बघ."

त्यानं पाहिलं. किटली फिरवली. पुन्हा पाहिलं.

"अगं, ही तर माझी!"

"मग कुणाची?"

तो हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत. "म्हणजे त्या दुकानदारानं तुला चांगलंच बनवलं, ठके!"

"तो बिचारा काय बनवतोय? तू बनवलंस. तेही मिसरूड फुटायच्या आत."

तिनं जुडीची सुतळी सोडली आणि पोपडे उडालेला एक कप त्याच्यापुढे सरकवला. दादाचं हसू ओसरलं.

"हात थरथरतो माझा, ठके." हे तो पहिल्यांदाच तोंडानं बोलला.

"दिसतंय मला."

"रेघ सरळ यायची नाही."

"फुलाला कशाला हवी सरळ रेघ? पाटी रंगवतोयस का?"

"तू शिकव आता मला!"

पण बसला. निळा रंग कालवायला त्यानं बराच वेळ लावला. ठकीनं दोन्ही हातांनी कप टेबलावर घट्ट धरला. पहिली पाकळी नीट सुरू झाली आणि मध्येच भरकटून पार काठावर गेली.

"छे! पुसून टाकतो." त्यानं फडक्याकडे हात नेला.

ठकीनं कप झटकन आपल्याकडे ओढला.

"हात लावून तर बघ! ओला आहे अजून."