थांबवलेला खेळ

“पुन्हा मेला,” ताई म्हणाल्या.

“तुमच्याकडेच कसा मरतो हो?” टीमचा म्होरक्या वैतागला. “आमच्याकडे तर ठणठणीत आहे.”

संध्याकाळी पाचला गेम बाजारात जायचा होता, आणि बारा वर्षं गेम तपासण्यात घालवलेल्या ताई काही केल्या सही देईनात. त्यांची तक्रार एवढीच. बाण सुटला की गेम तीन सेकंद संथ होतो. नेमका तेव्हा पॉज दाबला, तर परत येईपर्यंत खेळणाऱ्याचा तिरंदाज कधीकधी मेलेला असतो. या ‘कधीकधी’वरूनच सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं होतं. सहा जणांनी शंभरदा पॉज दाबला, सोडला, दाबला, सोडला. काही म्हणजे काही झालं नाही.

“ताई, तुमचा चेहरा बघूनच मरत असेल बिचारा.”

“मग तुझा बघून जिवंत कसा राहतो रे?”

तेवढ्यात बेल वाजली. नेहमीप्रमाणे कुणी मान वर केली नाही. ताईंचं टेबल दाराशी, म्हणून दारही त्यांच्याच गळ्यात. बाण नुकताच सुटला होता; त्यांनी पॉज दाबला, उठल्या, पार्सल घेऊन आल्या. तिरंदाज आडवा.

पार्सल काखेत धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग गालातल्या गालात हसल्या.

“बाण सोडा, पॉज दाबा आणि उठा रे सगळे. हात मागे.”

“कशाला?”

“तुम्ही पॉज दाबता आणि लगेच सोडता. पोर रडत असेल, दूध उतू जात असेल, तर माणूस इतक्यात परत येतो का?”

कुरकुरत सगळे उठले. एक, दोन, तीन. पॉजच्या पाटीमागे शत्रू खुशाल चालू लागला.

म्होरक्याचा चेहरा पांढराफटक पडला. संथपणा मोजणारं घड्याळ पॉजमध्येही चालूच राहत होतं, आणि वेळ संपली की झोपलेल्या गेमला उठवून पळवत होतं. ते त्यानेच बसवलं होतं.

“चूक माझीच,” तो म्हणाला. “पण उठून जायचं सुचलंच नाही.”

“सुचेल कसं? उठता कधी तुम्ही?”

साडेचारला दुरुस्ती झाली. ताईंनी बाण सोडला, पॉज दाबला आणि सरळ जेवायला गेल्या. दुपारचं जेवण राहूनच गेलं होतं. वीस मिनिटांनी ओले हात पुसत परतल्या, तर सहाही जण त्यांच्या टेबलाभोवती उभे. कुणी कशाला हात लावला नव्हता. पडद्यावरचा बाण हवेत होता तिथेच होता.